पिठातली पावलं

गेल्या नवरात्रात माझ्या चक्कीवर जे झालं, ते मी आजवर येईल त्याला सांगत आलोय. दळण न्यायला आलेल्यांना सांगितलं, चक्कीच्या झिजलेल्या दगडाला टाकी लावायला येणाऱ्या कारागिराला सांगितलं, लाईटचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही बळंच बसवून घेऊन सांगितलं. बायको म्हणते, गावात आता एकही कान उरला नाही. पण मला राहवत नाही. सांगायला लागलो की आवाज चढतो, हात हलायला लागतात, आणि शेवटाला येईपर्यंत मी गादीवरून उठून उभा राहिलेला असतो. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

धाड या गावात माझी पिठाची चक्की आहे. चक्कीवर माणसं थांबत नाहीत, डबे थांबतात. बायका सकाळी डबा रांगेत ठेवतात आणि आपापल्या कामाला निघून जातात. कुणाचा डबा कुणाच्या पुढे, हे फक्त मला ठाऊक असतं, आणि या अधिकाराचा मी पुरेपूर गैरवापर करायचो. माझा राग नाकावर असतो हे गावाला माहीत आहे. त्यातही राग येऊन गेला, विसरलो, असं माझं नव्हतं. मी राग जपून ठेवायचो. एखादीनं नुसतं म्हटलं, "मागच्या टायमाले पीठ जाडं आलं होतं," की पुढचे सहा महिने तिचा डबा रांगेत आपोआप मागे सरकायचा. एका माणसाचा तर दोन वर्षं सरकत होता. का, ते मलाही आठवत नव्हतं, पण सरकवायचं मात्र आठवायचं.

या सगळ्यात मांजर तेवढी माझ्या मर्जीतली. तीन वर्षांपूर्वी ती आपणहून चक्कीत आली. करडी, पोटाखाली पांढरी, एका कानाला चीर गेलेली. आली आणि आठवड्यात उंदरांचा बंदोबस्त करून टाकला. तिला नाव वगैरे काही नव्हतं. "ये माय" म्हटलं की यायची. मोटर सुरू झाली की बाहेर, बंद झाली की आत. दुपारी माझ्या गादीशेजारी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर झोपायची. कुणी नसलं की मी तिच्याशी बोलायचोही, आणि ती डोळे मिटून ऐकून घ्यायची.

आता नवरात्राचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी माझ्या चक्कीवर गव्हाचा दाणा चालत नाही. पहाटेच दगड उघडून साफ करायचे, पट्टा पुसायचा, पीठ पडतं ती कापडी सोंड नवी लावायची, आणि मग दिवसभर फक्त भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. दारावर खडूनं लिहून ठेवतो, 'आज फक्त उपवासाचं.' आजूबाजूच्या खेड्यांतून बायका येतात, कारण मीच वर्षभर बढाया मारलेल्या असतात, की माझ्याकडचं उपवासाचं पीठ डोळे झाकून न्यावं.

त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या काकू भगर घेऊन आल्या. नऊ दिवसांचे कडक उपवास करणाऱ्या, आणि जिभेला धार असलेल्या. त्यांचं पीठ दळून झालं होतं, डबा उघडाच गार व्हायला ठेवला होता. झाकण लावायला त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या. पिठात चार पावलं उमटली होती. गोल, बोटं नीट दिसतील अशी. आणि पावलांतल्या दोनांत गव्हाचं तपकिरी पीठ. माझी मांजर कोपऱ्यातल्या जुन्या झाडलोटीच्या ढिगावरून चालत येऊन काकूंच्या डब्यातून पलीकडे गेली होती.

"हे काय हाय?" काकू म्हणाल्या. "उपवासाचं पीठ बाटलं माह्यं. लोकाईले सांगतं डोळे झाकून न्या. डोळे झाकूनच दळतं वाटते तू."

दहा-बारा बायका हसल्या. तेच मला लागलं. मी म्हणालो, पटत नसेल तर दुसरी चक्की बघा. काकूंनी डबा उचलला, "या चक्कीची पायरी चढणार नाही," म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मांजर माळ्याच्या शिडीपाशी उभी होती. जमिनीपासून शिडीपर्यंत, आणि शिडीच्या पायऱ्यांवरही, तिच्या पिठाच्या पावलांची ओळ गेली होती. गेले आठ-दहा दिवस रोज मी ही ओळ पुसत होतो आणि रोज ती परत उमटत होती. आपल्याला मुद्दाम त्रास द्यायलाच ही असं करते, असा मी मनाशी अर्थ लावून ठेवला होता.

आमच्याकडे मांजर सोडायची एक रीत आहे. लहानपणापासून सगळ्यांना पाठ असते. मांजर पोत्यात घालायची, नदीपलीकडे न्यायची, सोडण्याआधी पोतं सात वेळा गरगर फिरवायचं. फिरवल्यानं दिशा चुकते, आणि मधे पाणी आलं की मांजर परत येत नाही म्हणतात. तिसऱ्या प्रहरी गर्दी ओसरली तेव्हा मी एक रिकामं पोतं घेतलं, तोंड उघडून जमिनीवर धरलं आणि म्हणालो, "ये माय."

ती आली. मागे पळावं लागलं नाही, पकडावी लागली नाही. पोतं म्हणजे तिची झोपायची जागा. शेपटी वर करून ती आपल्या पायांनी आत शिरली. मी तोंड बांधलं. तेव्हा मला काही वाटलं नाही. आज हे लिहिताना मात्र मान खाली जाते.

मोटारसायकलवर पोतं पुढे ठेवून मी नदीचा फरशीपूल ओलांडला आणि पलीकडच्या गावात दूध संकलन केंद्राच्या मागे जाऊन पोत्याला सात फेरे दिले. दुधाची जागा निवडली म्हणून स्वतःला दयाळूही समजलो. सोडल्यावर ती दोन पावलं झोकांडली, मग बसली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी गाडी वळवली.

संध्याकाळी बायको म्हणाली, "मांजर दिसून नाही राह्यली."

"सोडून आलो."

"काऊन?"

"काकूचं पीठ बाटवलं तिनं. चार माणसांत इज्जत गेली माझी."

बायकोनं माझ्या ताटात भाकर ठेवली आणि उठून आत गेली. बायको भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसरा दिवस घटस्थापनेचा. सकाळपासून दळण चालू होतं. साडेदहाच्या सुमारास लाईट गेली. मोटर थांबली, पट्टा सळसळत थांबला, आणि चक्कीत एकदम शांतता झाली. त्या शांततेत मला वरून आवाज आला. बारीक, चिरका. आधी वाटलं दगडाच्या खुंट्याची करकर. पण मोटर तर बंद होती.

मग माझं लक्ष शिडीकडे गेलं. काल रागाच्या भरात मी पुसायचं विसरलो होतो, त्यामुळे पिठाच्या पावलांची ओळ तशीच होती. खालून वर, पायरी-पायरीनं. महालक्ष्म्यांना दारापासून आतपर्यंत पिठाची पावलं काढतो ना, तशी. दहा दिवस मी ती पावलं पुसली, पण ती जातात कुठं हे एकदाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या मागे गेलो.

माळ्यावर झिजलेले जुने दगड रचून ठेवले होते. त्यांच्या मागच्या फटीत, एका फाटक्या पोत्यावर, तीन पिल्लं होती. डोळे नुकते किलकिले झालेले. दोन ओरडत होती आणि तिसरं नुसतंच तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता. काल दुपारपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं.  मी शिडीवरून उतरलो कसा, मला आठवत नाही.

बायकोनं पिल्लं पाहिली आणि एवढंच म्हणाली, "तिले आणा."

मी तेच पोतं उचललं आणि सुटलो. फरशीपूल कधी आला, कधी गेला, कळलं नाही. दूध केंद्राला कुलूप होतं. मागे पाहिलं, बाजूच्या गोठ्यात पाहिलं, कडब्याच्या गंजीमागे पाहिलं. "ये माय, ये माय" करत मी परक्या गावात भर दुपारी हिंडत होतो आणि लोक ओट्यावर येऊन बघत होते. तासभर शोधून हात हलवत परत आलो. बायको पिल्लांजवळ बसली होती. वाटीत गाईचं दूध पाणी घालून ठेवलेलं, पण पिल्लं तोंडात घेत नव्हती.

"शेळीचं पाहिजे," ती म्हणाली. "हे जड होते त्याईले."

आमच्या गल्लीत दुभती शेळी एकच होती, काकूंची. काल ज्यांना मी चक्कीवरून हाकलल्यासारखं केलं, त्यांचीच. एरवी मी उपाशी मेलो असतो पण त्या दारात गेलो नसतो. त्या दिवशी मात्र गेलो. काकू घटाची माती सारखी करत होत्या. मी दारातूनच भडाभडा सगळं सांगितलं. पोतं, सात फेरे, माळा, पिल्लं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"मांजर फेकून दे म्हटलं होतं का म्या तुले?" त्या म्हणाल्या. "राग तं तुह्या तोंडाचा आला होता. ते पीठ म्या घरी येऊन वरचं काढलं आन् चाळून घेतलं. आता त्याच्याच भाकरी करून राह्यले."

 ज्या पिठासाठी मी एक जीव नदीपार टाकून आलो होतो, ते काकूंनी नुसतं चाळून घेतलं होतं. त्यांनी शेळी पिळली, वाटी माझ्या हातात न देता स्वतःच घेऊन निघाल्या, आणि "पायरी चढणार नाही" म्हणालेल्या त्याच पायरीवर पाय देऊन आत आल्या. कापसाची वात दुधात भिजवून त्यांनी पिल्लाच्या तोंडाला लावली. एकानं चोखली. दुसऱ्यानंही. तिसऱ्याच्या ओठांवरून दूध खाली ओघळलं.

"याले माय पाहिजे," काकू म्हणाल्या. "जाय परत. दूध घालाच्या टायमाले मांजरी तिथंच जमतात. आन् हे घेऊन जाय संगं." ते तिसरं पिल्लू त्यांनी रुमालात गुंडाळून माझ्या सदऱ्याच्या आत ठेवलं.

पाच वाजता दूध केंद्र उघडलं. कॅनच्या भोवती चार-पाच मांजरी होत्या, माझी नव्हती. केंद्रावरच्या माणसाला कानाची खूण सांगितली. तो म्हणाला, "हाव, आली होती काल. दुधाले तोंड नाही लावलं. बाकीच्या पेत होत्या आन् ते रस्त्याकडं तोंड करून बसली. सकाळी पाह्यलं तं नदीकडं जाऊन राह्यली होती."

नदीकडं. म्हणजे माझ्या सात फेऱ्यांना भीक न घालता ती घराच्या दिशेनं निघाली होती. ते ऐकून मला असा हुरूप आला की त्या माणसाला मिठी मारायची बाकी ठेवली.

पुलाच्या अलीकडे मी गाडी बंद केली. वर पाऊस झालेला असावा, दुपारपेक्षा पाणी वाढलं होतं आणि फरशीवरून पातळ धार वाहत होती. पुलाच्या तोंडाशी, कठड्याच्या पहिल्या दगडावर ती बसली होती. पाण्याला बिचकून, त्याकडेच बघत. पलीकडे आमच्या गावचा रस्ता होता. दिवसभर ती तिथं बसून असावी, कारण तिच्या पायांचा चिखल वाळून गेला होता. आधी तीनदा मी तिथून भरधाव गेलो, पण तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

"ये माय," मी म्हणालो.

तिनं मान वळवली, मला पाहिलं, माझ्या हातातलं पोतं पाहिलं, आणि उडी मारून सोयाबीन काढलेल्या रानात पळाली. मी एक पाऊल पुढे टाकलं की ती दोन मागे. तीन वर्षं माझ्या शेजारी झोपलेली मांजर. पोतं मी रस्त्यावर टाकून दिलं आणि आहे तिथंच मातीत बसलो. मला रडू आलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

सदऱ्यातलं पिल्लू काढून मी रुमालासकट समोर ठेवलं. ते दिवसभर मुकं होतं. वारं लागलं तसं त्यानं तोंड उघडलं, आणि आवाज आला. अगदी एवढासा. रानात तिचे दोन्ही कान उभे राहिले, चिरलेलासुद्धा. ती सरळ धावत आली. माझ्याकडे बघितलंही नाही. पिल्लाला चाटून चाटून तिनं ओलं केलं, तिथंच आडवी झाली आणि पाजायला लागली. ते तिसरं, न पिणारं पिल्लू पुढच्या पायांनी तिचं पोट दाबत पीत होतं. रस्त्यानं जाणारा एक जीपवाला थांबला आणि काय झालं विचारू लागला. मी त्याला हातानंच गप्प केलं.

परत न्यायला पोतंच होतं. मी ते पसरलं, पिल्लू त्यावर ठेवलं. ती बराच वेळ पोत्याकडे बघत राहिली. मग चढली. मी तोंड बांधलं नाही. एका हातानं पोतं मांडीवर धरून, पाण्यातून गाडी पहिल्या गिअरमध्ये काढत, मी तिला घरी आणलं.

माळ्यावर बाकीची दोन्ही पिल्लं तिला लुचली तेव्हा बायको आणि काकू शिडीखाली उभ्या होत्या. मी हर्षानं ओरडलोच, "झालं सगळं ठीक."

"काही ठीक नाही झालं," बायको म्हणाली. "ते पिल्लासाठी आली, तुमच्यासाठी नाही. आता पाहा, दोन दिवसांत पिल्लं उचलून निंघून जाईन. जिथं भरोसा नाही तिथं मांजर पिल्लं ठेवत नाही." आणि मी ते पोतं जाळायला निघालो तर तिनं माझ्या हातातून घेऊन गादीसमोर माझ्या पायाशी टाकलं. "राहू द्या. तुम्हाले दिसलं पाहिजे."

पुढचे तीन दिवस माझा एक डोळा दळणावर आणि एक शिडीवर. ती खाली यायची, खायची, पण माझ्यापासून चार हात लांबून जायची. "ये माय" म्हणायची माझी हिंमत होत नव्हती. मी मऊ कापडाची टोपली माळ्यावर ठेवली, तिनं हुंगलीही नाही. त्या तीन दिवसांत मला बसल्या बसल्या रांगेतल्या डब्यांची लाज वाटायला लागली. दोन वर्षं मागे सरकत असलेला तो डबा मी उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवला. तो माणूस घाबरून विचारायला आला, काही चुकलं का म्हणून.

चौथ्या दिवशी रांग दारापर्यंत होती. काकूही भगर घेऊन आल्या होत्या. मोटर चालू होती, म्हणजे मांजर खाली यायची वेळच नव्हे. आणि मला ती शिडीवर दिसली. तोंडात पिल्लू, मानगुटीला धरलेलं. एकेक पायरी उतरत होती.

मी मोटर बंद केली. बायका मागे वळून शिडीकडे पाहू लागल्या. ती डब्यांच्या मधून सरळ दाराकडे गेली.  बायको घरातून दारात आली होती, ती बाजूला झाली, वाट दिली. मांजर उंबऱ्यावर थांबली. बाहेर रस्ता, ऊन, गाड्या. तिनं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मी हाक मारली नाही. जायचं असेल तर तिला जाऊ द्यायचं, एवढं मी मनाशी ठरवलं होतं, आणि ते ठरवताना जीव तुटत होता.

ती वळली. आल्या वाटेनं डब्यांमधून परत आली, जमिनीवरच्या पिठात पावलं उमटवत. माझ्या गादीसमोर आली आणि पिल्लू माझ्या पायाशी, त्या पोत्याच्या उघड्या तोंडात ठेवलं. मग शिडी चढून गेली. दुसरं आणलं. मग तिसरं आणलं, तेच, जे बोलत नव्हतं आणि आता सगळ्यांत जास्त ओरडत होतं.

रांगेतलं कुणीही मोटर चालू करा म्हणालं नाही. काकूंनी आपला डबा उचलून तिच्या वाटेतून बाजूला घेतला.

तिसरं पिल्लू आत सरकवून ती क्षणभर उभी राहिली, माझ्या पायाला एकदा डोकं घासलं, आणि शेपटी वर करून स्वतः पोत्यात शिरली. या वेळी मी तिला "ये" म्हटलंही नव्हतं.